उलटी धरलेली गिटार

मुलांनो, आजची गोष्ट आहे एका आजीची. पण ती सुरू होते शाळेच्या पहिल्या दिवशी.

अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना नावाचं राज्य. तिथल्या एका शाळेत एक चिमुरडी पहिल्यांदाच आली होती. शिक्षकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, नाव काय तुझं? आता आली का पंचाईत! कारण तिला नावच नव्हतं. पाच भावंडांत ती शेंडेफळ. घरात सगळे तिला नुसतं 'लिल सिस' म्हणायचे. 'लिल सिस' म्हणजे छोटी बहीण. आता हे काही शाळेत सांगायचं नाव नव्हे. मग तिने काय केलं असेल? तिने स्वतःच स्वतःला एक नाव दिलं आणि सांगून टाकलं, एलिझाबेथ!

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर जून महिन्यात हजेरीपटावर नवी नावं चढवते. बाळू, सोनू, पिंकी अशी घरातली नावं सांगणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. पण स्वतःचं बारसं स्वतःच करणारी मुलगी काही मला अजून भेटलेली नाही. म्हणूनच ही एलिझाबेथ मला फार आवडली. पुढे आयुष्यभर तिने असंच केलं बरं का. जे मिळालं नाही, त्याच्यासाठी ती रडत बसली नाही. आपलं आपण काहीतरी घडवलं.

एलिझाबेथचा जन्म १८९३ सालचा. चॅपल हिल नावाच्या गावाला लागून तिची वस्ती होती. त्या वस्तीचंच पुढे कारबरो हे गाव झालं. ती कृष्णवर्णीय कुटुंबातली. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसांना गुलाम म्हणून राबवत, विकत घेत आणि विकत, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. ती गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ साली. म्हणजे एलिझाबेथ जन्मली तेव्हा त्याला जेमतेम अठ्ठावीस वर्षं झाली होती. कायदा बदलला, पण माणसांची मनं कुठे एवढ्या लवकर बदलतात? गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, काळ्या मुलांच्या वेगळ्या. बहुतेकांच्या वाट्याला शेतात, खाणीत किंवा दुसऱ्यांच्या घरी राबणंच यायचं.

या कष्टकरी माणसांनीच जगाला एक नवं संगीत दिलं. त्याचं नाव ब्लूज. 'ब्लू' म्हणजे निळा, हे तुम्हाला माहीत आहे. पण इंग्रजीत मन उदास असलं तरी हाच शब्द वापरतात. दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी आपलं दुःख गाण्यात सांगायचा, आणि सांगता सांगता हलका व्हायचा. सोबतीला बहुतेक वेळा एक गिटार. एलिझाबेथच्या भागात गिटार वाजवायची एक खास तऱ्हा होती. समुद्रकिनारा आणि डोंगर यांच्या मधल्या त्या प्रदेशाला पिडमाँट म्हणतात, म्हणून ती पिडमाँट पद्धत. त्यात एकच माणूस एकाच गिटारीवर ठेकाही धरतो आणि सूरही वाजवतो. जणू काही एकटाच तबलाही वाजवतोय आणि पेटीही!

एलिझाबेथच्या घरी वाद्य होतं, पण ते तिचं नव्हतं. तिच्या भावाचा बँजो होता. बँजो म्हणजे लांब मानेचं, खंजिरीसारखं गोल अंग असलेलं तारांचं वाद्य. भाऊ कामाला गेला की ही हळूच तो बँजो काढायची आणि वाजवत बसायची. शिकवायला कोणी नाही. सात-आठ वर्षांचं वय. कानाने ऐकायचं आणि बोटांनी शोधायचं, एवढंच.

आणि इथेच खरी गंमत आहे. एलिझाबेथ होती डावखुरी!

आता जरा गिटार डोळ्यांसमोर आणा. तिला सहा तारा असतात. उजव्या हाताने काम करणारा माणूस गिटार धरतो तेव्हा जाड तारा वरच्या बाजूला येतात आणि बारीक तारा खाली. तो डाव्या हाताने तारा दाबतो आणि उजव्या हाताने छेडतो. अंगठा वरच्या जाड तारांवर ठेका देतो आणि बाकीची बोटं खालच्या बारीक तारांवर सूर वाजवतात. जाड तारांचा आवाज खर्जातला, बारीक तारांचा वरचा.

डावखुरा माणूस काय करतो? तो तारा काढतो आणि उलट्या क्रमाने पुन्हा लावून घेतो. पण एलिझाबेथच्या हातात होता भावाचा बँजो. तारा बदलल्या तर भावाने काय वाजवायचं? मग तिने सोपी युक्ती केली. वाद्यच उलटं धरलं! पुढे गिटार हातात आली, तीही तशीच उलटी धरली. आता जाड तारा खाली गेल्या आणि बारीक तारा वर आल्या. म्हणजे बोटांचं कामही उलटं झालं. ठेका धरायचा बोटांनी आणि सूर वाजवायचा अंगठ्याने! जगातले बाकीचे वादक करतात त्याच्या अगदी विरुद्ध. पण त्यातून जो आवाज निघाला, तो तिचाच होता. पुढे लोकांनी त्या पद्धतीला तिचंच आडनाव दिलं: 'कॉटन पिकिंग'. लग्नानंतर तिचं आडनाव कॉटन झालं होतं. आणि गिटारीच्या तारा बोटांनी छेडणं म्हणजे पिकिंग.

पण आपण जरा पुढे गेलो. अजून तिच्याकडे स्वतःची गिटार कुठे होती?

एलिझाबेथची शाळा लवकरच सुटली. घरची गरिबी. ती दुसऱ्यांच्या घरी कामाला जाऊ लागली. झाडणं, पुसणं, भांडी, मुलं सांभाळणं. पगार महिन्याला जेमतेम एक डॉलर. दुकानातल्या गिटारीची किंमत होती पावणेचार डॉलर. करा बरं हिशेब! खाऊ नाही, खेळणं नाही, सगळा पगार बाजूला ठेवला तरी जवळजवळ चार महिने लागणार. पण पैसे साठले आणि गिटार घरात आली. त्या वेळी ती तुमच्यापैकी पाचवी-सहावीतल्या मुलांएवढी असेल.

तिच्या घराजवळून रेल्वेचा रूळ जायचा. मालगाड्या धडधडत जायच्या. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांची शिटी ऐकू यायची. अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलीने त्या आवाजावर एक गाणं रचलं. नाव 'फ्रेट ट्रेन', म्हणजेच मालगाडी. मी मेले की मला अशा ठिकाणी ठेवा की जिथून गाडीचा आवाज ऐकू येईल, अशी त्या गाण्यातली भावना आहे. एवढ्याशा मुलीच्या मनात मरणाचा विचार कुठून आला असेल? पण ते गाणं रडकं मुळीच नाही. खाली बोटांचा ठेका चाकांसारखा एका लयीत चाललेला असतो, आणि वर अंगठा हळुवार सूर वाजवत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण गाडीत बसलो आहोत आणि खिडकीतून शेतं मागे मागे पळताहेत.

पुढे १९१० साली एलिझाबेथचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव फ्रँक कॉटन. एक मुलगी झाली, लिली. घर, संसार, मूल, कामं. त्यातच चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं की, असली गाणी वाजवणं चांगलं नाही. देवाची सेवा करायची तर हे सोडायला हवं. एलिझाबेथ धार्मिक वृत्तीची होती. तिने गिटार बाजूला ठेवून दिली.

किती दिवस? दिवस नाही, महिने नाही, वर्षंसुद्धा थोडी नाही. दशकांमागून दशकं गेली. कधी क्वचित चर्चमध्ये थोडं वाजवलं असेल तेवढंच. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. एलिझाबेथ आणि फ्रँक वेगळे झाले. एलिझाबेथ मुलीजवळ वॉशिंग्टन शहरात राहायला गेली. केस पिकू लागले, नातवंडं झाली. पण काम सुटलं नाही.

१९४० नंतरच्या दशकात ती वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात बाहुल्या विकायचं काम करत होती. एके दिवशी दुकानाच्या गर्दीत एक छोटी मुलगी आईपासून हरवली. एलिझाबेथने तिला जवळ घेतलं आणि तिच्या आईकडे सुखरूप पोचवलं. त्या मुलीचं नाव पेगी सीगर. आई रूथ क्रॉफर्ड सीगर यांना ही प्रेमळ बाई फार आवडली. त्यांनी विचारलं, आमच्याकडे कामाला याल का?

आता योगायोग बघा. वॉशिंग्टन शहरात किती घरं असतील! पण एलिझाबेथ नेमकी ज्या घरात कामाला गेली, ते घर संगीताने भरलेलं होतं. रूथ संगीतकार होत्या, लोकगीतं गोळा करायच्या, मुलांसाठी त्यांची पुस्तकं करायच्या. त्यांचे पती चार्ल्स सीगर संगीताचे मोठे अभ्यासक. मुलंसुद्धा गाणारी-वाजवणारी. त्या घरात एलिझाबेथला आणखी एक नाव मिळालं. धाकट्या पेनीला 'एलिझाबेथ' म्हणता येईना, ती 'लिबा' म्हणायची. मग सगळेच लिबा म्हणू लागले. आता आपणही त्यांना लिबाआजी म्हणू या.

सीगरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. लिबाआजी तिच्या आसपास रोज वावरत होत्या. स्वयंपाक करायचा, कपडे आवरायचे, आणि मध्येच नजर तिच्याकडे जायची. एक दिवस राहवलं नाही. घरात कोणी नाही असं बघून त्यांनी ती खूण न विसरलेली गिटार खाली काढली. नेहमीसारखी उलटी धरली. आणि इतक्या वर्षांनी बोटं पुन्हा चालू लागली!

पेगीने ते ऐकलं. ज्या बाई आपल्याकडे भांडी घासतात, पोळपाटासारखी फळी पुसतात, त्यांच्या बोटांत एवढं संगीत आहे, याची घरात कुणालाच कल्पना नव्हती. लोकगीतांच्या शोधात गावोगावच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्या त्या घराला खरा खजिना आपल्याच स्वयंपाकघरात सापडला.

मुलांनो, इथे एक वाईट गोष्टही सांगायला हवी. पेगी मोठी झाल्यावर इंग्लंडला गेली. तिथे ती लिबाआजींचं 'फ्रेट ट्रेन' गाऊ लागली. लोकांना ते फार आवडलं. १९५७ साली तिथल्या एका वाद्यवृंदाने त्याची तबकडी काढली आणि ती खूप खपली. पण तबकडीवर गाणं रचणाऱ्याचं नाव कोणाचं होतं? लिबाआजींचं नव्हतंच! भलत्याच दोन माणसांनी आपली नावं लावली होती. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने रुळाजवळच्या घरात रचलेलं गाणं समुद्रापलीकडे कोणी आपलं म्हणून खपवत होतं, आणि तिकडे आजी दुसऱ्याच्या घरी काम करत होत्या.

पण सीगर कुटुंब स्वस्थ बसलं नाही. त्यांनी पाठपुरावा केला आणि अखेर त्या गाण्यावर लिबाआजींचा हक्क मान्य झाला. परीक्षेत शेजाऱ्याची वही बघून लिहिणाऱ्या एखाद्या शहाण्याला हे जरूर वाचून दाखवा. दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर लावणं ही चोरीच असते. मग ती वहीतली असो, की गाण्यातली.

पेगीचा भाऊ माइक सीगर याने लिबाआजींच्या घरी जाऊन त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. १९५८ साली फोकवेज या कंपनीने त्याची तबकडी काढली. १९६० साली माइकबरोबर स्वार्थमोर कॉलेजात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वय किती? सदुसष्ट! ज्या वयात माणसं काठी टेकत बागेत फिरायला जातात, त्या वयात या आजी पहिल्यांदा रंगमंचावर चढल्या. १९६४ साली न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवात त्यांनी वाजवलं. तरी घरकाम काही लगेच सुटलं नाही. एकीकडे टाळ्या आणि दुसरीकडे झाडू, असं आणखी काही वर्षं चाललं.

घरी त्यांच्याभोवती नातवंडा-पतवंडांचा घोळका असायचा. त्या मुलांना बरोबर घेऊन त्यांनी एक गाणं बनवलं, 'शेक शुगरी'. मुलांनी त्यात आपापल्या ओळी घातल्या. तबकडीवर ते गाणं आजींनी स्वतः गायलंच नाही. आजी गिटार वाजवतात आणि गाते त्यांची बारा वर्षांची पणती! 'फ्रेट ट्रेन' रचलं तेव्हा आजी साधारण तेवढ्याच वयाच्या होत्या, नाही का?

गाण्याच्या कमाईतून लिबाआजींनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज या शहरात घर घेतलं. जन्मभर दुसऱ्यांची घरं झाडली, आता स्वतःच्या घराचं दार उघडलं. १९८४ साली अमेरिकेतल्या लोककलावंतांना मिळणारा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. १९८५ साली ग्रॅमी पारितोषिक मिळालं. संगीतातलं हे जगातलं फार मोठं पारितोषिक. आजींनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. २९ जून १९८७ रोजी त्या गेल्या. त्यानंतरही त्यांची आठवण राहिली. २०२२ साली अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचं नाव मानाने घेतलं गेलं.

आता थोडं माझं. नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो डाव्या हाताने लिहायचा. मी रोज त्याच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची. मला वाटायचं, मी त्याला वळण लावतेय. त्याचं अक्षर बिघडलं. नंतर नंतर तो लिहायलाच कंटाळू लागला. तेव्हा मला लिबाआजी माहीत नव्हत्या. एलिझाबेथला कोणी माझ्यासारख्या बाई भेटल्या असत्या, गिटार सरळ धर असा रोज धाक दाखवला असता, तर काय झालं असतं? कदाचित ती सरळ धरायला शिकलीही असती. पण 'कॉटन पिकिंग' जगाला मिळालं नसतं. आता माझ्या वर्गात डावखुरं मूल आलं, की मी एवढंच करते: त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवते, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही.

पालकांनाही एक विचारावंसं वाटतं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी काय गातात, त्यांना काय येतं, हे आपण कधी विचारलंय का? सीगरांच्या घरी ते कळलं ते भिंतीवर गिटार होती म्हणून, आणि ऐकणाऱ्या पोरीने कान दिला म्हणून. मुलांनो, हा प्रश्न तुम्हीच विचारा. मोठ्या माणसांना कधी कधी सुचत नाही.

आणि आता करून पाहा. टेबलावर हात ठेवा. पहिल्या बोटाने सारखा ठेका धरा, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, गाडीच्या चाकासारखा. ठेका चुकू द्यायचा नाही हं! आता त्याच हाताच्या अंगठ्याने तुमच्या आवडत्या कवितेची चाल टकटक वाजवा. जमतंय का? पहिल्या दिवशी मुळीच जमणार नाही. मलाही चार दिवस लागले. आठवडाभर रोज पाच मिनिटं करा. मग लक्षात येईल की उलट्या गिटारीवर हे दोन्ही एकदम करणारी ती बोटं कशी असतील.

कारबरो गावात आज रुळाच्या कडेने सायकलींसाठी एक रस्ता आहे. त्याला लिबा कॉटन यांचं नाव दिलेलं आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी जिला सांगायला नाव नव्हतं, तिचं नाव आता त्या रस्त्यावर आहे. मुलं त्यावरून सायकली दामटत जातात, आणि शेजारी असतो रेल्वेचा रूळ.